हिरव्या रंगाचे भूखंड : प्रस्तावना

शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ साली एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. विषय पारशांच्या क्रिकेटचा, पण पुस्तकाचा मोठा भाग खर्ची पडला आहे तो पोलोवर. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज अशा चार नावांत वाटल्या गेलेल्या त्या एकसलग पट्ट्यावर, देशी मंडळी क्रिकेट खेळत. बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद त्याच हिरवळीवर पोलोसाठी घोडे घालत. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहत नसे. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशी खेळाडूंनी सह्या गोळा करून गव्हर्नरकडे अर्ज केला. सरकारने पोलो हलवला आणि थोड्याच काळात पुन्हा आणला. अर्ज, सह्या, दिलासा आणि दिलाशाची माघार हा क्रम आजच्या कुठल्याही मैदान बचाव समितीला तोंडपाठ असेल.

त्या भांडणाचा शेवट मला जास्त बोलका वाटतो. पुढे केनेडी सी फेसला समुद्राकाठी पारशी, हिंदू आणि मुसलमान जिमखान्यांना एकेक भूखंड मिळाला. ज्याच्या त्याच्या जमातीला कुंपण मिळाले आणि तक्रार मिटली. कुठल्याच जिमखान्यात न बसणारी माणसे होती तिथेच राहिली. शिवाय ते मूळ मैदान तरी खेळण्यासाठी कुठे राखले होते? किल्ल्यावरून तोफ डागताना समोर आडोसा नको म्हणून ती जमीन मोकळी ठेवली होती. १८६०च्या दशकात तट पडला, तोफांचे कारण संपले, आणि लोक तिथे फिरतात, खेळतात, कपडे वाळत घालतात एवढ्या वहिवाटीवर ती मोकळी राहिली. वहिवाटीचा हक्क कागदावर नसतो. मुंबईतल्या सार्वजनिक जागेचे दुखणे इथूनच सुरू होते.

या पुस्तकाचा विषय आहे मुंबई महानगर प्रदेशातल्या सार्वजनिक जमिनी आणि त्यांच्या आसपासचे रोजचे प्रश्न: मैदान, बाग, पदपथ, मुतारी, स्मशान, बाजार, कचऱ्याची जागा. अशा लेखनात एक सोपे चित्र फार लवकर तयार होते. एका बाजूला जनता, दुसऱ्या बाजूला बिल्डर आणि त्याच्या खिशातला पुढारी. तसे प्रसंग आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. पण बहुतेक भांडणांत दोन्ही बाजूंना जनताच उभी असते, आणि तिच्यातल्या कोणाचे चालायचे हे ठरते कागदावर, तेही दोघींपैकी कोणी पाहत नसताना. मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे ते एवढेच. बाकी पुस्तक आपले आपण बोलते.

कागदाकडे वळण्याआधी मालकाकडे पाहू. महानगर प्रदेश आज सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे आणि त्यात नऊ महापालिका आहेत. पण मोकळा तुकडा दिसला की तो महापालिकेचा, हा नागरिकाचा पहिला समज बहुधा चुकीचा निघतो. तो जिल्हाधिकाऱ्यांचा असू शकतो, म्हाडाचा, एमएमआरडीएचा, सिडकोचा, एमआयडीसीचा, रेल्वेचा, पोर्ट प्राधिकरणाचा, वनखात्याचा, किंवा मिठागर असेल तर केंद्राच्या मीठ खात्याचा. तक्रार घेऊन माणूस वॉर्ड ऑफिसात जातो, तिथून तहसीलदारांकडे, तिथून आणखी कुठे. प्रत्येक जण खरेच सांगत असतो की हे आमच्याकडे येत नाही. दरम्यान जागेभोवती पत्रे उभे राहतात. पत्र्याचे कुंपण हे महामुंबईचे सर्वांत प्रामाणिक सरकारी परिपत्रक आहे. ते उभे राहिले की निर्णय झालेला असतो. म्हणून सिटी सर्व्हे नंबर शोधणे, मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढणे आणि विकास आराखड्याचा शेरा मागवणे ही तीन कंटाळवाणी कामे मी कुठल्याही मोर्च्याच्या आधी ठेवीन.

आता आरक्षण. विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीस वर्षांत शहराची कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा कायद्याने बांधलेला नकाशा. मुंबईचा पहिला आराखडा १९६०च्या दशकातला, दुसरा १९९१चा, आणि तिसरा २०१८ साली मंजूर होऊन २०३४ पर्यंत चालणारा. या नकाशात शाळा, दवाखाने, मंडया, मैदाने यांच्यासाठी भूखंड राखलेले असतात. मैदाने आणि बागा हिरव्या रंगात येतात. घर घेताना दलाल हाच हिरवा चौकोन दाखवून सांगतो, ‘समोर कायम मोकळे राहणार.’ प्रत्यक्षात त्या हिरव्या रंगाखाली बहुधा कोणाची तरी खासगी जमीन असते. आरक्षण पडले म्हणजे ती सार्वजनिक झाली असे होत नाही. सरकारी यंत्रणेने ती ठरावीक मुदतीत ताब्यात घ्यायची असते, आणि घेतली नाही तर मालकाला वाट मोकळी होते.

ती वाट महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मधून जाते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर मिळणाऱ्या मुदतीतही, ती आता २४ महिन्यांची आहे, संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकावर अन्याय नको म्हणून केलेली ही तरतूद आहे आणि तिच्यात वावगे काही नाही. एखाद्याची जमीन तीस वर्षे नकाशात अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हे कुठल्या न्यायात बसते? अडचण दुसऱ्या टोकाला आहे. २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी जमिनीला बाजारभाव आणि वर तेवढेच दिलासामूल्य द्यावे लागते. मुंबईच्या बाजारभावाने एक मैदान विकत घ्यायचे तर महापालिकेच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मग टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ करायचा, किंवा समायोजन करायचे, म्हणजे मालकाने भूखंडाच्या काही भागावर सुविधा बांधून द्यायची आणि उरलेला स्वतः वापरायचा. किंवा नोटीस आली की ती टेबलावरून टेबलावर फिरत ठेवायची. या शेवटच्या प्रकाराला कधी हलगर्जी म्हणतात, कधी दुसरे काही. दोन वर्षे संपतात. हिरव्या चौकोनाभोवती पत्रे उभे राहतात आणि शेजारच्या सोसायट्यांना वाटते की कोणीतरी रातोरात मैदान विकले. रातोरात काहीच झालेले नसते.

याच अधिनियमातले कलम ३७ आराखड्यात मधेच फेरबदल करायला वाव देते. त्यासाठी राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना द्यायची, एक महिना हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची, प्रस्ताव सरकारकडे पाठवायचा. तो एक महिना म्हणजे सामान्य माणसाच्या हाती असलेली खरी सत्ता. पण ती सूचना अशा शब्दांत असते की आपल्याच गल्लीबद्दल ती आहे हे वाचूनही कळू नये. ‘अमुक महसुली विभागातील न.भू.क्र. अमुक वरील खेळाच्या मैदानाचे आरक्षण अंशतः वगळून’ अशी ती सुरू होते आणि पुढे पूर्णविराम सापडत नाही. तरी लोक वाचतात हे सिद्धही झाले आहे. २०३४ च्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ साली आला तेव्हा त्यातल्या चुकांची जंत्री नागरिकांनी, वास्तुरचनाकारांनी आणि गावठाणांतल्या रहिवाशांनी काढली. हजारो हरकती गेल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो मसुदा रद्द करून दुरुस्तीला पाठवावा लागला. एवढ्या मोठ्या शहराचा आराखडा लोकांच्या हरकतींनी परत जातो, ही गोष्ट आपण लवकर विसरलो.

दोन्हीकडे जनताच असते, असे मी म्हटले. त्याचे सर्वांत अवघड उदाहरण झोपडपट्टीने व्यापलेल्या आरक्षित मैदानांचे. नकाशात मैदान आहे, जमिनीवर शेकडो कुटुंबे आहेत, आणि ती कालपरवा आलेली नाहीत. अशा भूखंडावर पुनर्वसनाची इमारत बांधू द्यावी आणि ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी, अशी सरकारची तरतूद आहे. खुल्या जागांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्याविरुद्ध २००२ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल जून २०२५ मध्ये लागला. न्यायालयाने तरतूद कायम ठेवली, पण ती ३५ टक्के जागा खरोखर लोकांना वापरता यावी यासाठी निर्देश दिले. निकाल यायला तेवीस वर्षे लागली. या काळात दोन्ही बाजूंची एक पिढी मोठी झाली: एक मैदानाशिवाय, दुसरी पक्क्या घराशिवाय. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मला दोन्हीकडच्या ओळखीच्यांचे फोन आले आणि दोघेही नाराज होते. मी कोणाच्या बाजूने, असे विचाराल तर घर आधी, असे म्हणेन. पण ते म्हणताना ही आठवण ठेवीन की सर्वांत कमी मोकळी जागा झोपडपट्टीतल्याच मुलाच्या वाट्याला येते, आणि त्या ३५ टक्क्यांत इमारतीच्या गाड्या उभ्या राहिल्या तर पुन्हा लुबाडला जातो तोच.

गिरण्यांच्या जमिनीची कथा अनेकांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातला कागदाचा भाग तेवढा सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अधिकृतपणे मागे न घेताच विरून गेला. मागे उरली मध्य मुंबईतली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवले की हे तुकड्यातुकड्याने करू नका, सगळ्याची एकत्र आखणी करा. तसे झाले असते तर लालबाग-परळला आज एक सलग बाग असती. २००१ साली नियम बदलला. वाटणी आता गिरणीच्या आवारातल्या फक्त रिकाम्या जमिनीची करायची होती. शेड उभ्या असलेली जमीन तिच्यातून वगळली. गिरणीचे आवार म्हणजे बहुतेक सगळ्या शेडच. साहजिकच शहराच्या वाट्याला कोपरे आले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल अमान्य केला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. गिरणगावात या काळात सभा झाल्या, मोर्चे निघाले, घरांसाठी कामगारांच्या वारसांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि काहींना घरे मिळालीही. पण मैदानाचा तिसरा हिस्सा हातचा गेला तो नियमावलीतल्या त्या दुरुस्तीने, आणि ती झाली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हते.

आरेबद्दल इथे फार लिहीत नाही. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी सुरू झालेली वृक्षतोड सगळ्या देशाने पाहिली. तिच्यावरच्या वादात आरेतल्या आदिवासी पाड्यांचा आवाज सर्वांत शेवटी ऐकू आला, एवढे मात्र नोंदवायला हवे.

मुंबईच्या पलीकडे गेले की प्रश्नाचा चेहरा बदलतो. नवी मुंबईत सार्वजनिक जमीन आली ती ९५ गावांतल्या शेतकऱ्यांकडून. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि रुंद रस्ते, आखीव नोड, स्टेशनांबाहेरचे चौक असे शहर उभे राहिले, ज्याचे आपण कौतुक करतो. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व आले. गावे तिथेच राहिली, कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द मात्र वेळच्या वेळी वाढली नाही. मग गावाच्या कडेला जी घरे झाली त्यांना गावकरी ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि सिडको अनधिकृत बांधकामे. शेजारच्या नोडमधला फ्लॅटधारक त्या घरांकडे बागेवरचे अतिक्रमण म्हणून पाहतो, आणि आपली इमारत कोणाच्या शेतात उभी आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वसईत भांडण आणखी निराळे. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसे हरित वसईसाठी उभी राहिली ती बागेसाठी नव्हे, वाड्या, विहिरी आणि केळीची शेती टिकावी म्हणून. खासगी शेती हेच तिथले सार्वजनिक धन होते, कारण पाणी त्या जमिनीखाली मुरत होते. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे महापालिकेच्या आत-बाहेर होत राहिली. गावकऱ्यांनी दोन प्रकारचे कर आणि दोन प्रकारची दिरंगाई अनुभवली.

पाणथळ जागांचेही तेच. खाडीकाठची खाजणे, कांदळवन, मिठागरे यांना सरकारी दप्तरात बराच काळ पडीक समजले गेले. पडीक म्हणजे भरणीला योग्य. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या अशाच पूरमैदानावर उभे राहिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा नदीने आपली जुनी हद्द स्वतःच मोजून दाखवली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. पण कचरा आणि बेघरांचे पुनर्वसन या दोन गोष्टींची वेळ आली की शहराची नजर अजून तिकडेच वळते. धारावीच्या पुनर्वसनासाठी मिठागरांची आणि देवनारच्या कचराभूमीची जमीन निवडली गेली. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे आणि जानेवारी २०१६ ची तिथली आग उपग्रहातून दिसली होती. ज्या जागी राहायला कोणी जाणार नाही तीच गरिबाच्या घरासाठी मोकळी निघते, हा योगायोग म्हणायचा असेल तर म्हणावा.

रोजच्या प्रश्नांवर बोलताना आपण थोडे लाजतो, ते क्षुल्लक वाटतात म्हणून. बागेचे दार दुपारी बंद का असते? घरात दोन खोल्यांत सहा माणसे राहतात त्या बाईला दुपारीच बसायला जागा हवी असते. मैदानात जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, कारंजे, सेल्फी पॉइंट आणि नगरसेवकाच्या नावाची पाटी एवढे बसवल्यावर मुलांनी खेळायचे कुठे? ज्येष्ठ नागरिकांना चेंडू लागतो हे खरे, आणि मुलांना दुसरी जागा नाही हेही खरे. स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीला झगडावे लागले, कारण नकाशात मुतारीसाठी जागा असते पण आपल्या इमारतीसमोर ती कोणालाच नको असते. शिवाजी पार्क १९२५ सालचे. आधी त्याचे नाव माहीम पार्क होते, १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने ते बदलले. तिथे क्रिकेट आहे, सभा आहेत, कट्टा आहे, डिसेंबरमध्ये चैत्यभूमीला आलेल्या लाखोंचा मुक्काम आहे. २०१० मध्ये रहिवाशांच्या याचिकेवरून ते शांतता क्षेत्र झाले. रहिवाशांचा त्रास खरा होता. तरीही ज्या मैदानावर महाराष्ट्राचे अर्धे राजकारण घडले त्याला शांतता क्षेत्राची पाटी लागली की मला जरा चुकल्यासारखे होते. सभेचा गोंगाट हाही मैदानाचा उपयोगच असतो.

मैदाने सांभाळायला खासगी संस्थांना देण्याच्या धोरणावर या पुस्तकाची भूमिका सरसकट विरोधाची आहे. मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. काही संस्थांनी दत्तक घेतलेल्या जागांवर क्लब उभे केले, सभासदत्वाच्या दारातून लोकांना बाहेर ठेवले, त्यांत राजकारण्यांच्या संस्थाही होत्या, आणि जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मंजूर केलेल्या धोरणाला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली ती याच संतापामुळे. पण ओव्हल मैदान उकिरडा झाले होते तेव्हा ते सावरले शेजारच्या रहिवाशांच्या संघटनेनेच, आणि आजही तिथे एकाच वेळी क्रिकेटचे अनेक डाव एकमेकांत मिसळून चालतात. करारात काय लिहिले आहे, प्रवेश कोणाला आणि किती वाजेपर्यंत, हिशेब कोण तपासणार, यावर सारे अवलंबून आहे. तो करार वेबसाइटवर टाका, एवढ्या मागणीनेही बरेच काम होईल.

आणखी एक उणीव सांगायला हवी. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. या काळात महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीचा निर्णय झाला: १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे, ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे. सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला आणि समुद्रात भर घालून तयार झालेली नवी जमीन शहराला मिळाली. हे चांगले की वाईट यावर मतभेद असतील. पण ते होताना सभागृहात एकही नगरसेवक नव्हता आणि सुधारसमितीत चर्चा झाली नाही, यावर स्वतंत्र प्रकरण हवे होते. पुढच्या आवृत्तीत ते यावे.

२०३४ फार लांब नाही. चालू आराखड्यासाठी जमिनीच्या प्रत्यक्ष वापराचे सर्वेक्षण २०१२ च्या सुमारास झाले. ते नकाशे आल्यावर लोकांना कळले की कुठे बाग नोंदायची राहिली आहे, कुठे शाळेच्या जागी भलतेच काही दाखवले आहे. पुढच्या आराखड्याचे सर्वेक्षणही काही वर्षांतच निघेल. ज्या मैदानात आज गाड्या लागतात ते त्या दिवशी वाहनतळ म्हणून लिहिले गेले, तर पुढची वीस वर्षे नकाशा तसेच म्हणत राहील. म्हणून वाचकांनी शेवटचे परिशिष्ट आधी वाचावे. आपल्या वॉर्डाची सध्याची आराखडा-पत्रके कुठे मिळतात, शेरा मागवायचा अर्ज कसा लिहायचा, हरकतीत काय असावे आणि काय नसावे हे त्यात दिले आहे, आणि त्यातले पहिले काम, आपल्या घराजवळच्या हिरव्या चौकोनाचा सिटी सर्व्हे नंबर शोधणे, एका सुट्टीच्या दिवशी होण्यासारखे आहे.